पिल्लू नंतर, आधी त्याची आई बघून या

प्रश्न: आम्ही सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघं, चौथीतला मुलगा आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. मुलाचा दोन वर्षांचा हट्ट म्हणून मिनिएचर डॅशहुंड घ्यायचं ठरवलंय. पुण्याकडच्या एका ब्रीडरने व्हिडिओ पाठवला. पिल्लू 36 दिवसांचं आहे, जवळजवळ पांढरं, अंगावर थोडे राखाडी ठिपके, दोन्ही डोळे निळे. आई-बाप दोघंही ठिपकेवाले, म्हणून हा रंग 'लाखात एक' असं तो सांगतो. पेपरसह 32 हजार, पेपरशिवाय 24 हजार. आज पाच हजार यूपीआय केले तर पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो म्हणाला, ड्रायव्हर ओळखीचा आहे. पहिली लस झालीय म्हणे. सुट्टीत आम्ही तासगावला माझ्या माहेरी द्राक्षबागेत असतो, तेव्हा त्यालाही नेऊ. हे पिल्लू घ्यावं का? पेपर हवेत का? आणि या कुत्र्याची पाठ नाजूक असते हे कितपत खरं?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर:

नमस्कार. पाच हजार अजून पाठवले नसतील तर पाठवू नका. पाठवले असतील तर ते गेले म्हणा, पण त्यापायी उरलेले सत्तावीस घालवू नका.

हे पिल्लू नको म्हणायला त्याचा रंगच पुरेसा आहे. डॅशहुंडमधल्या या ठिपकेदार रंगाला डॅपल म्हणतात, इतर जातींत त्यालाच मर्ल म्हणतात. आई-बापांपैकी एकच डॅपल असेल आणि दुसरा साधा तांबडा किंवा ब्लॅक अँड टॅन असेल, तर सरासरी निम्मी पिल्लं डॅपल निघतात. त्यांना या रंगापायी सहसा काही होत नाही, एखाद्याचा एक डोळा निळा असला तरी चालतं. पण दोघंही डॅपल असले की सरासरी चारातल्या एका पिल्लाला तेच जनुक दोन्हीकडून मिळतं. ते झालं डबल डॅपल. तुमच्या ब्रीडरचं 'लाखात एक' ते हेच, खरं म्हणजे चारात एक.

रंग तयार करणाऱ्या पेशी फक्त केसांत नसतात, आतल्या कानात आणि डोळ्यांतही त्यांचं काम असतं. डबल डॅपलमध्ये या पेशी ठिकठिकाणी पोचतच नाहीत. केसांत पोचल्या नाहीत की पांढरे पट्टे दिसतात आणि ते आपल्याला सुंदर वाटतात. कानात पोचल्या नाहीत तर पिल्लू एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं होतं. डोळे लहान राहतात, बाहुली वेडीवाकडी होते, कधी डोळा जवळजवळ तयारच झालेला नसतो. बहिऱ्या कुत्र्यालाही चांगलं आयुष्य देता येतं, पण ते समजून-उमजून घ्यायचं असतं, जादा पैसे मोजून फसून नव्हे. ब्रिटनच्या केनेल क्लबने तर दोन डॅपलच्या जोडीची पिल्लं नोंदवणंच बंद केलेलं आहे. दोन डॅपल मुद्दाम लावणाऱ्या माणसाकडचं त्याच वेतातलं दुसरं, चांगल्या रंगाचं पिल्लूही आम्ही घेणार नाही. ज्याला एवढं कळत नाही, किंवा कळून फरक पडत नाही, त्याने बाकीच्या बाबतीत काळजी घेतली असेल कशावरून?

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दुसरीकडे बघाल तेव्हा उपयोगी पडेल. तांबड्या आणि क्रीम रंगाच्या कुत्र्यांत डॅपल लपून राहतो. लहानपणी चार ठिपके असतात आणि मोठेपणी ते दिसेनासे होतात. म्हणून डॅपल पिल्लू आवडलंच, तर साध्या दिसणाऱ्या पालकाचे लहानपणीचे फोटो मागा.

आता वय. 2017 साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. त्याप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 56 दिवस पाहिजेत, तुमचं 36 दिवसांचं आहे. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांचं खाणं वाढतं, लसीचा खर्च सुरू होतो, घाण वाढते आणि नेमकी तेव्हाच ती दिसायला सगळ्यात गोंडस असतात. 35 दिवसांना पिल्लू हातावेगळं करण्यामागे एवढंच अर्थशास्त्र असतं. पिल्लाचा त्यात तोटा होतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ते आई आणि भावंडांकडून 'किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो' हे शिकतं. ते शिकवणारं कुणी नसलं की तो धडा तुमच्या मुलाच्या हातांवर गिरवला जातो.

'पहिली लस झालीय' यालाही फारसा अर्थ नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती या वयात लसीला काम करू देत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, सहाव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत कधीही. म्हणूनच लसी एकदाच न देता सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. कार्ड बघताना लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं आहे का, बॅच नंबर आहे का, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नुसतं पेनने लिहिलेलं 'लस दिली' कुणीही लिहू शकतं.

वयाबद्दल शंका आली तर तोंड उघडा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. पुढचे बारीक दात नुकतेच फुटलेत आणि मागच्या दाढांच्या जागी अजून हिरडीच लागते, तर पिल्लू दोन महिन्यांचं नाही, कार्डावर काहीही तारीख असो.

आता पाठ. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. डॅशहुंड जर्मनीतला, 'डाख्स' म्हणजे बिज्जू आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बिज्जूशी भिडायचं म्हणून आखूड पायांचं घडवलेलं हे कुत्रं आहे. पाय आखूड करणाऱ्या त्या जनुकीय बदलांपैकी एक मणक्यांमधल्या चकत्याही बिघडवतो. मणक्यांमधली ही चकती म्हणजे आतून मऊ गर असलेली उशी. इतर कुत्र्यांत हा गर म्हातारपणी सुकतो. डॅशहुंडमध्ये तो पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घट्ट व्हायला लागतो, त्यात चुना साचतो आणि मग एखाद्या दिवशी साध्या उडीने तो वर मज्जारज्जूवर फुटतो. साधारण चारपाच डॅशहुंडांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी याचा त्रास होतो, बहुतेक करून तीन ते सात वर्षांच्या वयात.

हे तीन ते सात लक्षात ठेवा, कारण ब्रीडर निवडण्याची सगळी गोम इथे आहे. नियमाप्रमाणे मादीला 18 महिन्यांनंतर लावता येतं. म्हणजे दोन वर्षांची तरतरीत आई तुमच्यासमोर उड्या मारेल आणि तिच्या पाठीबद्दल त्यातून तुम्हाला काहीही कळणार नाही. तिची पाठ दगा देण्याचं वय अजून आलेलंच नाही. म्हणून आईबरोबर आजीची चौकशी करा. आजी आठ वर्षांची असून पायऱ्यांपाशी उचलायची वाट न बघता चालत असेल, बाप पाच-सहा वर्षांचा असून धडधाकट असेल, तर तुमच्या पिल्लाची बाजू बरी. ब्रीडरला सरळ विचारा, 'तुमच्या लाइनमध्ये कुणाची पाठ गेली?' खरा ब्रीडर एखाद-दुसरं नाव सांगेल आणि त्यानंतर ती जोडी परत लावली नाही हेही सांगेल. 'आमच्याकडे असलं कधीच झालं नाही' असं ठासून सांगणारा एकतर नवखा असतो किंवा विकलेल्या पिल्लांची खबर न घेणारा.

'डीएनए टेस्ट केलीय, पाठीचा त्रास होणार नाही' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. चकत्यांचं ते जनुक बहुतेक सगळ्याच गुळगुळीत केसांच्या आणि लांब केसांच्या डॅशहुंडांत दोन्हीकडून आलेलं असतं, त्यामुळे ती टेस्ट इथे फारसं निवडून देत नाही. परदेशात चांगले ब्रीडर दोन ते चार वर्षांच्या वयात पैदाशीच्या कुत्र्यांच्या मणक्यांचे एक्स-रे काढून चुना साचलेल्या चकत्या मोजतात, ती पद्धत जास्त भरवशाची. तसे एक्स-रे दाखवणारा कुणी भेटला तर दोन पैसे जास्त द्या. डीएनएची एक टेस्ट मात्र खरोखर कामाची आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराची. तिला पीआरए-कॉर्ड1 म्हणतात आणि मिनिएचर डॅशहुंडमध्ये हा दोष आढळतो. आई-बापांपैकी एकजण जरी 'क्लिअर', म्हणजे या दोषापासून मुक्त, असला तरी पिल्लू त्यापायी आंधळं होत नाही.

पेपरबद्दल. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे, त्यांच्या नोंदणीलाच सगळे 'केसीआय पेपर' म्हणतात. हा कागद तीन पिढ्यांची वंशावळ सांगतो. पिल्लू निरोगी आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. आई-बाप दोघंही नोंदलेले असतील तर वेताची नोंदणी होते आणि तिची फी पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ असते. मग आठ हजारांचा फरक कशाचा? जो 'पेपरशिवाय' स्वस्तात देतो त्याच्याकडे बहुधा नोंदलेले आई-बापच नसतात, आणि पेपरसह घेतलं की दुसऱ्याच वेताचा कागद हातात पडतो. पेपर खरा आहे का हे ओळखायला मायक्रोचिप बघा. कागदावरचा 15 आकडी नंबर आणि पिल्लाच्या खांद्यांमधल्या चिपचा नंबर रीडरने तुमच्यासमोर वाचून जुळला पाहिजे. नंतर मालकी तुमच्या नावावर करून घ्यावी लागते, त्यावर ब्रीडरची सही तिथेच घ्या.

तुम्हाला शोमध्ये जायचं नाही, मग पेपर कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. त्याचा एक फायदा मात्र खरा आहे: आई-बाप सख्खे बहीण-भाऊ नाहीत आणि आजी-आजोबा कोण हे त्यावरून कळतं. पाठीची चौकशी करायला नाव तर पाहिजे.

आता 'मिनिएचर' या शब्दाची शहानिशा. केसीआय ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेलं आहे त्या एफसीआयच्या मापात डॅशहुंडचा आकार वजनावर नाही, 15 महिन्यांच्या वयातल्या छातीच्या घेरावर ठरतो. मिनिएचर नर 32 ते 37 सेंटिमीटर, मादी 30 ते 35. त्याहून लहान ते रॅबिट डॅशहुंड. 'टीकप' आणि 'टॉय' हे प्रकार विकणाऱ्याच्या जिभेवर असतात, मापात नाहीत. वजनाच्या हिशेबाने मिनिएचर चार ते पाच किलोच्या आसपास. दोन महिन्यांच्या पिल्लावरून हे सांगता येत नाही, म्हणून शिंप्याची टेप घेऊन जा आणि आईची छाती पुढच्या पायांच्या मागून मोजा. टेप बघून ब्रीडर चिडला तर तेही एक उत्तरच समजा.

दुसरं ठिकाण शोधताना फोनवर आधी एवढं विचारा. आईचं वय काय आणि हे कितवं वेत? नियमात मादीला लागोपाठच्या माजांवर लावायला आणि आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायला मनाई आहे. नोंदणी क्रमांक काय? पिल्लं घरात वाढली की मागच्या पिंजऱ्यात? किती जातींची पिल्लं विकता? एका माणसाकडे सहा जाती 'रेडी' असतील तर तो पैदास करत नाही, इकडून घेऊन तिकडे देतो. मग व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लं एका चौकटीत दाखवायला सांगा. जुने व्हिडिओ फिरवणारा इथेच नेटवर्कची तक्रार सुरू करतो.

प्रत्यक्ष गेल्यावर पिल्लाला हात लावण्याआधी आईकडे बघा. तिची आचळं लोंबलेली, दुधाने भरलेली किंवा नुकती आटलेली असली पाहिजेत, नाहीतर ती आई म्हणून आणून बसवलेली आहे. अनोळखी माणूस आल्यावर भुंकून नंतर वास घ्यायला जवळ आली तर उत्तम. कोपऱ्यात थरथरत बसली किंवा फाडून खायला आली तर पिल्लाचा स्वभावही त्याच वळणावर जाण्याची शक्यता मोठी. बाप तिथे नसला तर बिघडत नाही, चांगले ब्रीडर नर बाहेरून निवडतात. त्याचे पेपर आणि फोटो मात्र हवेत.

पिल्लू खाली फरशीवर चालवून बघा, मांडीवर घेतलं की सगळीच सारखी वाटतात. मागचे पाय ओढत नाही ना, सशासारखे दोन्ही एकदम टाकत नाही ना. हिरड्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत. पोट जेवल्यावर गोल असणं ठीक, पण बरगड्या दिसतात आणि पोट मात्र घागरीसारखं, म्हणजे जंत. जंताचं औषध दर पंधरवड्याला दिलं गेलं का, कार्डावर बघा. बेंबीपाशी मऊ गोळी लागली तर तो नाभीचा हर्निया. बारीक असेल तर फारसं काही नाही, पण किमतीत धरा. नर असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेत का ते डॉक्टरकडून बघून घ्या. कानांची परीक्षा टाळी वाजवून करू नका, हवेचा झोत आणि फरशीचा हादरा बहिऱ्या पिल्लालाही कळतो. ते झोपलेलं असताना मागून, न दिसेल असा किल्ल्यांचा जुडगा हलवा आणि कान हलतो का बघा. आणि शू-शीची जागा बघून या. कुणाचीही शी पातळ असेल, तर त्या दिवशी कुठलंच पिल्लू उचलायचं नाही. पार्वोची, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणाऱ्या विषाणूची, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडे लागतात. आज उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी सलाइनवर असू शकतं.

म्हणूनच पावती लेखी घ्या. त्यात चिपचा नंबर, जन्मतारीख, आई-बापांची नावं, दिलेली रक्कम, तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरने दोष काढला तर पैसे परत, आणि दोन आठवड्यांत पार्वो निघाला तर काय, हे लिहिलेलं हवं. साध्या कागदावर दोघांच्या सह्या चालतील. पैसे बँकेतून द्या. पुढे ग्राहक आयोगापर्यंत जायची वेळ आली तर हाच कागद बोलतो.

ट्रॅव्हल्सने पिल्लू मागवणं तर विसराच. डिकीत किंवा ड्रायव्हरच्या पायाशी पाच-सहा तास, पाणी नाही, गाडी बदलली तर पिल्लूही बदललेलं. पुण्याहून आणायचं तर दोघांनी गाडी घेऊन जा, तिथून पहाटे निघून ऊन चढायच्या आत घरी. निघण्याआधी तीन तास खायला नको, नाहीतर खंबाटकीच्या वळणांत सगळं बाहेर येईल. खोका किंवा कॅरिअर, तळाला वर्तमानपत्र, त्यावर आईच्या अंगावर घासलेला टॉवेल. दर दीड तासाने दोन घोट पाणी. धाब्यावर किंवा पेठ नाक्याला थांबाल तेव्हा त्याला जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि तिथे रोज किती कुत्री येऊन जातात ते कोण मोजणार? ब्रीडर जे खायला देतो तेच आठवडाभराचं बरोबर आणा. लहान बाळांच्या सिरीयलवर किंवा दूध-चपातीवर वाढवलेली पिल्लं आपल्याकडे पुष्कळ. बदल करायचाच, पण घरी स्थिरावल्यावर सात दिवसांत, रोज थोडं पिल्लांचं खाणं वाढवत. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. एवढंसं पिल्लू उपाशी राहिलं की रक्तातली साखर झपकन उतरते. ते मलूल होऊन डुलायला लागलं तर हिरडीला मध चोळा आणि डॉक्टर गाठा.

घराबद्दल. दुसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे शेवटचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत त्याला खाली सोडायचंच नाही, शू-शी गॅलरीत वर्तमानपत्रावर. त्यानंतर पुढची बारा ते पंधरा वर्षं दिवसातून तीन-चार वेळा पाच किलोचं कुत्रं उचलून जिने चढायचे-उतरायचे. सासूबाईंना ते जमणार नाही, मुलाची शाळा, तुम्ही दोघं कामावर असाल तर दुपारचं कोण? हे आधी ठरवा. पावसाळ्यात तर ओल्या जमिनीवर पाय टाकायला हे कुत्रं तसंही कुरकुरतं, आणि घरात शू न करायला शिकायला त्याला इतर जातींपेक्षा वेळ लागतो. आवाजही आकाराला न शोभणारा, खालच्या मजल्यावरच्यांशी आधीच बोलून घ्या.

उचलायचं कसं ते मुलाला पहिल्याच दिवशी शिकवा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. पुढच्या दोन पायांना धरून लोंबकळवायचं नाही, आणि उचलायचं तर मुलाने खाली बसून. दिवाण, सोफा आणि घरात असेल तर झोपाळा, या तिन्हींवरून उडी बंद. दिवाण 45 सेंटिमीटर उंच असेल तर उताराची फळी निदान दीड मीटर लांब आणि 40 सेंटिमीटर रुंद करून घ्या, वर जुनं चटईचं कापड चिकटवा. कमी लांबीची फळी खडी होते आणि कुत्रं तिच्या बाजूने उडी मारतं. गुळगुळीत फरशीवर पळताना मागचे पाय घसरतात, त्याच्या रोजच्या वाटेवर रबराची पायपुसणी अंथरा. सतरंजी नको, ती स्वतःच घसरते. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस आणि त्याला एक घुंगरू, म्हणजे सासूबाईंना ते पायात आल्याचं कळेल. फिरवणं मात्र कमी करू नका. पाठीला आधार स्नायूंचा असतो, बसून राहिलेलं डॅशहुंड आधी मोडतं. नसबंदी करायचीच तर वर्ष पूर्ण झाल्यावर. त्याआधी केलेल्यांत पाठीचा त्रास जास्त दिसला आहे.

वजनाकडे कडक नजर हवी. साडेचार किलोच्या मोठ्या डॅशहुंडला दिवसाला साधारण 300 ते 350 कॅलरी पुरतात. एका चपातीत शंभर-सव्वाशे जातात. म्हणजे आजीने कौतुकाने दिलेली एक चपाती त्याच्या दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा. आपल्या हिशेबात सहा चपात्या जादा जेवल्यासारखं. वरून बघितल्यावर कमर आत गेलेली दिसली पाहिजे.

मागचे पाय लटपटले, पाठ कमानीसारखी करून थरथरलं, पंजा उलटा टेकून चाललं, तर तेल लावून मालिश करू नका आणि तुमच्या घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. फळीवर सपाट ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. चालता येत असेल तर बहुधा चार-सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांतीवर भागतं. मागचे पाय हलतच नसतील तर ऑपरेशनची वेळ तासांत मोजतात, चोवीस तासांच्या आत सर्जनसमोर. म्हणून पिल्लू आणण्याआधीच तुमच्या डॉक्टरला विचारून ठेवा: सांगलीत, कोल्हापूरला की पुण्याला, कोण करतं, रात्री फोन कुणाला? पुण्याच्या वाटेवर शिरवळला आपल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याचीही वेळ आणि सोय विचारून घ्या.

सांगलीच्या पाण्याबद्दल एक. 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर तुम्ही पाहिलाय. पाणी ओसरल्यावर उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो कुत्र्यामार्फत माणसालाही होऊ शकतो. लेप्टोच्या लसीचा जोर वर्षभरच टिकतो, त्यामुळे दरवर्षीचा डोस पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात येईल असं डॉक्टरशी बोलून बसवून घ्या. गोचिडांचं औषध मात्र बाराही महिने, कारण इथल्या गोचीड तापात कुत्री पांढरीफटक पडतात.

आणि तासगाव. तिथे त्याला न्यायचं तर बेदाण्याचं शेड आणि बाग दोन्ही त्याला बंद. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊनही बचावतं, तर दुसरं थोडक्यात जातं, त्यामुळे 'दोनच खाल्ले' या हिशेबात पडू नका. बेदाण्यात पाणी कमी, म्हणून तेवढ्याच वजनात धोका जास्त. जमिनीलगत नाक असलेलं हे कुत्रं सांडलेला एकही मणी सोडत नाही. खाल्लेलं कळलं तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे, उलटी करवता येते तोवरच. मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढू नका. बागेत बोर्डो किंवा इतर फवारणी झालेली असते, पाला चाटला तरी त्रास. बांधावरचं बीळ दिसलं की ते आत शिरणारच, त्याचा जन्मच त्यासाठी आहे, आणि आत घोणस असू शकते. म्हणून शेतात कायम हार्नेस आणि दोरी. घरी मुलाच्या दप्तरातला बेदाण्याचा डबाही कपाटात वर ठेवा.

त्या ब्रीडरला आज एवढंच कळवा: 'दोन डॅपलच्या जोडीचं पिल्लू आम्हाला नको.' किंमत खाली आणून तो परत फोन करेल, तेव्हा उचलू नका.